पहिलीच मोठी मोटर क्रूझर घ्यायची आहे, बोटीचा अनुभव शून्य

अंबड_लेथ (नाशिक)

राम राम मंडळी. अंबड एमआयडीसीत वर्कशॉप आहे, त्यामुळे मशीन कळतं, पाणी कळत नाही. गंगापूर धरणावरच्या बोट क्लबात मारलेली फेरी, एवढाच अनुभव. आता ३८ ते ४२ फुटांची, दोन केबिनची डिझेल क्रूझर घ्यायचं जवळपास ठरलंय. एक सतरा वर्षांची इंपोर्टेड बोट नजरेत आहे. मुंबई बंदरात बोयाला (पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला) बांधलेली असते. दोन इंजिनं, प्रत्येकी ३७० हॉर्सपॉवर, शाफ्ट ड्राइव्ह (पंखा तळाखालच्या लांब शाफ्टवर), मीटरवर फक्त ४१० तास. घरात आम्ही सहा जण.

विचारायचं असं: जुनी घ्यावी की नवी? ४१० तास म्हणजे इंजिन नवंकोरं समजायचं का? पहिलीच बोट ४० फुटी घेणं वेडेपणा आहे का? आणि मित्र म्हणतात, गंगापूरलाच आणून ठेव, घराजवळ राहील. ते जमेल का?

खाडीकर

शेवटचा प्रश्न आधी निकालात काढू. ४० फुटी बोटीची रुंदी पावणेचार-चार मीटर असते. रस्त्यावरच्या वाहनाला २.६ मीटरची मर्यादा आहे, म्हणजे खास परवानगी, लो-बेड ट्रेलर, आणि वर कसारा घाट. तेवढं करून आणलीत तरी धरणाचं पाणी जलसंपदा खात्याचं आणि शहराच्या पिण्याचं. तिथे अकरा-बारा टनांची डिझेल बोट कोण उतरवू देईल? उतरवलीच तर तिला उचलायला क्रेन कुठे, तळ धुवायला यार्ड कुठे? विषय सोडा.

बोटीआधी जागा शोधा. बहुतेक जण हे उलटं करतात. मुंबईत मोठ्या बोटींसाठी पुरेसा मरीना (बोटी बांधून ठेवायचा धक्का) नाही, म्हणून गेटवेसमोर बोयाला बांधलेल्या बोटींची गर्दी दिसते. बोयावरच्या बोटीला किनाऱ्याची वीज नाही, पाण्याचा नळ नाही, आणि चढण्या-उतरण्यासाठी प्रत्येक वेळी छोटी होडी लागते. आजी-आजोबांना हलत्या होडीतून हलत्या बोटीवर चढवायचं, हा भाग बोट विकणारा सांगत नाही. बेलापूर, मांडवा या बाजूंना चौकशी करा. जिथे जागा मिळेल तिथे तीन गोष्टी स्वतः पाहा: उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या) ओहोटीला तिथे पाणी किती उरतं (शाफ्टवाल्या ४० फुटीला एकूण खोली सव्वा मीटर तरी लागते, दीड असली तर निश्चिंती), वाटेत पूल असेल तर भरतीच्या वेळी त्याच्याखालून बोटीचा मास्ट जातो का, आणि पश्चिमेकडून वारा सुटला की लाट आत शिरते का. ही पाहणी उधाणाच्या दिवशी करा. भांगाच्या (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो त्या) दिवशी सगळीच जागा चांगली दिसते.

नाशिकहून इगतपुरी ते आमणे समृद्धीचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून घाटाचा त्रास कमी झाला, पण मधल्या वारी बोट पाहायला तुम्ही काही येणार नाही. म्हणून पगारी माणूस लागेल. आठवड्यातून दोनदा बिल्ज (बोटीच्या तळातली पाणी साचायची जागा) पाहणं, बॅटरी चार्ज करणं, दोर कुठे घासतोय का बघणं. बिल्ज पंपाचा फ्लोट स्विच अडकला आणि बॅटरी उतरली की बोट गुपचूप भरते. मुंबईत बोट बुडाली असं ऐकलंत तर वादळापेक्षा हे कारण आधी विचारा.

खर्चाचा ढोबळ हिशोब: बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दरवर्षी धरा, जुनीला जास्त. डिझेलचा वेगळा. पूर्ण ताकदीवर डिझेल इंजिन दर हॉर्सपॉवरला ताशी साधारण ०.२ लिटर पितं. ७४० हॉर्सपॉवर म्हणजे ताशी १४८ लिटर. २०-२२ नॉटला (ताशी सागरी मैल) जरा हात आखडता घेतलात तरी १०० लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर ताशी ९,००० रुपये झाले. तीच बोट ७-८ नॉटला चालवली तर १५ ते २० लिटरमध्ये भागतं. बोट पाण्यावर उठून धावते तेव्हा पैसे जळतात, पाणी कापत हळू जाते तेव्हा वाचतात.

गिअरबॉक्स

सतरा वर्षांत ४१० तास म्हणजे वर्षाला २४ तास. याला नवंकोरं म्हणत नाहीत, पडून राहिलेलं म्हणतात. तुमच्या वर्कशॉपात एखादी लेथ सतरा वर्षं खारट दमट हवेत झाकून ठेवली असती तर चक फिरला असता का? डिझेलला १,५०० तास नियमित चाललेले चांगले, ४१० तास थांबून-थांबून चाललेले वाईट. सील सुकतात, सिलिंडरच्या भिंतीला गंज धरतो, टाकीत तळाला पाणी साचून त्यात शेवाळासारखा चिकट गाळ वाढतो आणि पहिल्याच लाटेत तो ढवळून फिल्टरमध्ये येतो.

तुम्ही यंत्रवाले आहात, म्हणून सविस्तर लिहितो.

पाहायला जाल तेव्हा आधीच बजावून ठेवा: इंजिन गरम करून ठेवायचं नाही. गेल्या गेल्या ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर त्या दिवशी परत फिरा, दुसरी तारीख मागा. थंड इंजिन दोन-तीन सेकंदांच्या क्रँकिंगमध्ये उठायला हवं. सुरुवातीचा मिनिटभर पांढरा धूर चालतो. निळा धूर राहिला तर ऑइल जळतंय. लोडवर काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय किंवा इंजिनावर ताण जास्त आहे. तळाला शिंपले चढले, पंखा (प्रोपेलर) वाकला किंवा त्याच्या पात्यांचा पिच म्हणजे तिरपेपणा जास्त असेल तर असं होतं. एक्झॉस्टमधून पाणी धडधडत बाहेर पडतंय का तेही बघा, दोन्ही बाजूंना सारखं.

मग समुद्रात ट्रायल. किमान तासभर, त्यात पाच-सात मिनिटं पूर्ण थ्रॉटल. नेमप्लेटवर ३,५०० आरपीएम लिहिलेलं असेल तर दोन्ही इंजिनं तिथे पोचलीच पाहिजेत. ३,२५० वर अडकली तर एकतर तळ घाण आहे नाहीतर इंजिनं ओव्हरलोडवर चालत आलीत, आणि ओव्हरलोडवर चाललेल्या इंजिनाचं आयुष्य आतून संपत आलेलं असतं. इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन जा. दोन्ही इंजिनांचे तेच ते पॉइंट मोजा: हीट एक्स्चेंजर, आफ्टरकूलर, एक्झॉस्ट एल्बो. आकडा किती यापेक्षा डाव्या-उजव्यात फरक किती हे महत्त्वाचं. एक एल्बो दुसऱ्यापेक्षा खूप गरम म्हणजे आत क्षार साचलेत.

आफ्टरकूलरवर खास जोर देतो. त्यातून टर्बोची गरम हवा आणि समुद्राचं पाणी पातळ नळ्यांच्या दोन बाजूंनी जातं. नळीला भोक पडलं की खारं पाणी सरळ सिलिंडरमध्ये. दर दोन वर्षांनी तो खोलून, साफ करून, प्रेशर टेस्ट करायचा असतो. मालकाकडे त्याचं बिल मागा. बिल नसेल तर काम झालेलं नाही असं धरा आणि दोन्ही इंजिनांचा खर्च किमतीतून वजा करा. ट्रायलनंतर लगेच, ऑइल गरम असताना, दोन्ही इंजिनांचे आणि दोन्ही गिअरबॉक्सचे नमुने घेऊन लॅबला द्या. सोडियम सापडलं तर कुठून तरी समुद्र आत येतोय. लोखंड जास्त आलं तर झीज.

कच्च्या (समुद्राच्या) पाण्याच्या पंपाचं रबरी इम्पेलर वर्षातून एकदा किंवा २०० तासांनी बदलायचं. जुन्याची एखादी पाकळी तुटलेली निघाली तर ती शोधून काढा, नाहीतर हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकून इंजिन तापवेल. मुंबईच्या पाण्यात प्लास्टिकच्या पिशव्या इनटेकला चिकटतात आणि तापमानाची सुई वर जाते, त्यामुळे सी-स्ट्रेनर (आत येणारं पाणी गाळणारी जाळी) कुठे आहे, तो एका हाताने उघडतो का, हे आधी बघा. इंजिनाच्या बाहेरच्या बाजूला, हलच्या (बोटीच्या मूळ सांगाड्याच्या) भिंतीकडे हात पोचतो का तेही बघा. ब्रोशरमध्ये सोफ्याचे फोटो असतात, इंजिनाच्या पाठीमागचा कधीच नसतो.

बोट पाण्याबाहेर काढून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. वर काढल्यावर शाफ्ट हाताने वर-खाली हलवा. कटलेस बेअरिंगमध्ये (शाफ्टला मागे आधार देणारं रबरी बेअरिंग) खडखड जाणवली तर बदला. पंख्याचं ब्राँझ गुलाबी दिसत असेल तर त्यातलं जस्त निघून गेलंय, असा पंखा हातोडीला खणखणत नाही, बद्द वाजतो. झिंक (बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे) निम्मे झिजले की बदलायचे. पण नवेच्या नवे, जराही न झिजलेले झिंक दिसले तर खुश होऊ नका: एकतर काल लावलेत किंवा त्यांची वायर तुटलीय आणि त्यांच्याऐवजी दुसरंच काही झिजतंय. पाण्याखालच्या प्रत्येक सी-कॉकवर (हलमधल्या पाण्याच्या व्हॉल्व्हवर) सीआर किंवा डीझेडआर (जस्त न सोडणारं पितळ) असा शिक्का असावा. साधं पितळ असेल तर सगळे बदला.

कपलिंगचं अलाइनमेंट तुमच्या हातखंड्याचं काम. फिलर गेजने, कपलिंगच्या दर १०० मिमी व्यासाला ०.१ मिमीच्या आत. पण बोट पाण्यात उतरवून एक दिवस गेल्यावर. यार्डातल्या आधारांवर हल थोडा वाकलेला असतो, तिथे केलेलं अलाइनमेंट पाण्यात टिकत नाही. फाउंडेशनवर घट्ट बसवलेल्या मशीनची सवय असलेल्यांची इथेच फसगत होते.

रविवारचा_नाखवा

एवढी उठाठेव कशाला? आधी २४-२५ फुटी आउटबोर्ड घ्या, दोन सीझन चालवा, मग मोठी. ४० फुटीने धक्क्याला ठोकलंत तर फायबरचं काम लाखांत जातं. छोटीला ठोकलंत तर फेंडर (बाजूला लटकवायच्या उशा) आणि हातानेच निभावतं.

गिअरबॉक्स

@रविवारचा_नाखवा शिकायला छोटी बोट बरी, हे मान्य. पण विकत घेऊन नाही, कोर्समध्ये किंवा भाड्याने. सहा माणसं, मुंबईचा दुपारचा वारा आणि २४ फुटी उघडी बोट, या जोडीने घरच्यांचा पहिल्याच महिन्यात समुद्राशी काडीमोड होतो. शिवाय धक्क्याला लावायला दोन शाफ्टवाली जड बोट एका इंजिनाच्या छोट्या बोटीपेक्षा सोपी जाते. फक्त खर्चिक आहे.

एक गोष्ट मात्र पक्की: बोयावर बारमाही राहणार असेल तर स्टर्नड्राइव्ह नको. मागे लटकणारं ते अॅल्युमिनियमचं युनिट कायम खाऱ्या पाण्यात, त्याचे रबरी बेलोज दर दोन वर्षांनी बदलायचे, आणि चुकून फाटले तर पाणी थेट बोटीत. शाफ्ट ड्राइव्ह बघितलीत हे बरोबर केलंत.

अंबड_लेथ

धन्यवाद! थंड इंजिनाचं आणि झिंकचं लिहून ठेवलं. पण चालवायला शिकायचं कसं? आणि तांडेल (पगारी बोटचालक) ठेवला तर मला शिकायची गरज आहे का?

भरती_ओहोटी

तांडेल ठेवाच, पण शिकायची गरज आहे. तो आजारी पडला किंवा पाण्यात पडला तर बोट कोण आणणार? तुम्ही आणि घरातलं आणखी एक माणूस, दोघांनी शिका. आरवायएचा (ब्रिटनची रॉयल यॉटिंग असोसिएशन) पॉवरबोट लेव्हल २ दोन दिवसांचा असतो, मोटर क्रूझरचा हेल्म्समन दोन दिवसांचा, डे स्किपर चार दिवसांचा. हे तिन्ही केले तरी तांडेलाशेजारी उभं राहून तीसेक फेऱ्या मारल्याशिवाय एकट्याने निघू नका. परदेशी पुस्तकं वाचणार असाल तर एक लक्षात घ्या: भारत आयएएलए (समुद्रातल्या बोयांच्या रंगांचे नियम ठरवणारी जागतिक संस्था) ‘ए’ विभागात आहे, समुद्रातून बंदरात येताना लाल बोया डाव्या हाताला. अमेरिकन पुस्तकात बरोबर उलटं असतं.

दोन शाफ्टचं तंत्र थोडक्यात. धक्क्याजवळ स्टिअरिंग मधोमध ठेवा आणि विसरून जा. डावं इंजिन पुढे, उजवं मागे, की नाक उजवीकडे वळतं, बोट जागच्या जागी फिरते. थ्रॉटल आयडलवरच. गिअर एक-दोन सेकंद टाकायचा, काढायचा, वाट पाहायची. नवशिका इथेच चुकतो: बोट लगेच वळली नाही म्हणून रेस देतो, मग अकरा टन वळायला लागतात आणि थांबत नाहीत. बो थ्रस्टर (नाक आडवं ढकलणारा छोटा पंखा) असेल तर तो दोन-तीन सेकंदांच्या झटक्यांनी वापरा. सलग दाबून धरला तर मोटर तापून बंद पडते, तीही ऐन वेळी. उंच नाकाला वारा ढकलतो, म्हणून धक्क्याला येताना वाऱ्याकडे तोंड करून या. पाण्याची ओढ वाऱ्यापेक्षा जोरदार असेल तर ओढीकडे. आणि फेंडरचे दोर आत येण्याआधी बांधा, धक्का दोन हातांवर आल्यावर नाही.

मुंबईत भरती-ओहोटीतला फरक उधाणाला साडेचार मीटरपर्यंत जातो. नदी-धरण पाहिलेल्या माणसाला हे पचत नाही. नांगराचा हिशोब बघा: नांगर टाकताना खोली ३ मीटर, भरतीला आणखी ४.५, पाण्यापासून नाकाची उंची १.५. एकूण ९. साखळी त्याच्या पाचपट, म्हणजे ४५ मीटर सोडा. ३ मीटर पाहून १५ मीटर साखळी सोडणारा भरतीबरोबर नांगरासकट वाहत जातो. ४० फुटीला १० मिमीची ६० मीटर साखळी आणि २०-२५ किलोचा नांगर हवा. सोबत ५ मिनिटांत विंडलासशिवाय (नांगर ओढायचं यंत्र) हाताने नांगर ओढून दाखवेल असा एक तरुण खलाशी.

वारा: फेब्रुवारी ते मे सकाळी समुद्र तळ्यासारखा, दुपारी वायव्येचा वारा उठतो. मांडव्याला जाताना मजा, परतताना लाट नाकावर. म्हणून सकाळी लवकर निघा, जेवणाआधी परत फिरा. लाटांचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइसकडून, नकाशे डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे. मोबाइलवरच्या फुकट नकाशात कोळ्यांच्या डोलजाळ्यांचे खुंट दिसत नाहीत. रात्री त्या पट्ट्यात जायचंच नाही. पंख्यात दोर अडकला तर इंजिन लगेच न्यूट्रल. मागे-पुढे करून सोडवायला गेलात तर शाफ्ट वाकतो. मास्क आणि दातेरी सुरी बोटीवर ठेवा.

व्हीएचएफ रेडिओचं चॅनल १६ कायम सुरू. तटरक्षक दलाचा नंबर १५५४ स्टिअरिंगजवळ मोठ्या अक्षरात चिकटवा, वाचता येईल असा, घाबरलेल्या माणसाला चष्मा सापडत नाही. लाइफ जॅकेट माणसागणिक एक, वर दोन जादा, मुलांची मुलांच्या मापाची.

कोरडी_गोदी

कागदांकडे कुणी वळलं नाही म्हणून.

नव्या बोटीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. त्यामुळे जुन्या बोटींना मागणी आहे आणि म्हणूनच जुनीचे कागद जास्त बारकाईने बघा. इंपोर्टेड आहे ना? मग कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री आणि ड्युटी भरल्याची पावती पहिल्या दिवशी मागा. ‘देतो नंतर’ म्हणाले तर पुढची गोष्टच करू नका. मागच्या बाजूला उजवीकडे, पाण्याच्या रेषेच्या वर हलमध्ये कोरलेला १४ अक्षर-अंकी ओळख क्रमांक असतो. तो कागदांवरच्या क्रमांकाशी एकेक अक्षर जुळवा. इंजिनांचे नंबरही. बिल्डरच्या पाटीवर सीई (युरोपीय मानकाचा) वर्ग बघा: ‘बी’ म्हणजे ४ मीटरपर्यंतच्या लाटांसाठी, ‘सी’ म्हणजे २ मीटरपर्यंत. त्याच पाटीवर किती माणसं ते लिहिलेलं असतं. विमा कंपनी तेच धरते, तुमच्या घरातली संख्या नाही. नोंदणी, सर्व्हे आणि तांडेलाची प्रमाणपत्रं याबाबत महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. दलालाच्या तोंडी आश्वासनावर राहू नका.

करारात एवढं लिहून घ्या: बयाणा परतीच्या अटीवर, व्यवहार सर्व्हे आणि समुद्र ट्रायल समाधानकारक झाल्यावरच पक्का, बोट उचलण्याचा खर्च खरेदीदाराचा, सापडलेल्या दोषांची किंमत वजा. सर्व्हेअर तुम्ही नेमा, विक्रेत्याने सुचवलेला नको. इंजिनांसाठी वेगळा डिझेल मेकॅनिक. हलचा सर्व्हेअर इंजिन उघडत नाही, तो ‘बाहेरून ठीक’ एवढंच लिहितो.

सर्व्हेत फायबरची ओल मोजतात. बोट वर काढल्याच्या दिवशीचा मॉइश्चर मीटरचा आकडा काही कामाचा नाही, चार-सहा दिवस सुकू द्या. डेकवर प्लास्टिकच्या हातोडीने टकटक करत चाला, खास करून रेलिंगच्या खुंटांभोवती आणि खिडक्यांखाली. टणक आवाज बदलून दबका झाला की आतला गाभा कुजलाय. तळावर फोड दिसले तर एखाद-दुसरा खपवून घ्या, पूर्ण तळभर असतील तर सोडून द्या.

पावसाळा. मेच्या अखेरीस बोट वर, नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात. यार्डातली जागा फेब्रुवारीतच ठरवा, मे उजाडला की क्रेनवाला आणि यार्डवाला फोन उचलत नाहीत. उचलताना पट्ट्यांची जागा हलवर खुणेने दाखवलेली असते. पट्टा शाफ्ट किंवा पी-ब्रॅकेटवर (शाफ्टला तळाशी धरणारा आधार) आला तर एका उचलीत दोन्ही वाकतात. वर ठेवल्यावर तळाचं बूच काढा, नाहीतर पावसाचं पाणी आत साचून बॅटऱ्या बुडतात. इंजिनाच्या खाऱ्या पाण्याच्या वाटेत गोडं पाणी फिरवा, इम्पेलर काढून ठेवा, डिझेल टाकी गच्च भरा, कव्हर ताडपत्रीचं पण हवा खेळेल असं. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली बोट ऑगस्टमध्ये उघडली की गाद्यांना बुरशी.

अंबड_लेथ

मालकाला फोन केला. इंजिन थंड ठेवायला तयार आहे, पण पाण्याबाहेर काढायला ‘आत्ताच मार्चमध्ये तळ रंगवलाय, गरज नाही’ म्हणतोय. आफ्टरकूलरच्या बिलाचं विचारलं तर ‘मेकॅनिक नेहमीचा आहे, बिल घेत नाही’. काय करू?

गिअरबॉक्स

रंगवायला वर काढली होती ना? मग यार्डाचं बिल आणि त्या वेळचे पंखा-शाफ्टचे फोटो मागा. दोन्ही नसतील तर पाणबुड्याने पाण्यातच ब्रश मारून वर वर रंग फासला असण्याची शक्यता जास्त. उचलायचा खर्च तुम्ही देताय, तरी नको म्हणत असेल तर ते उत्तरच समजा.

कोरडी_गोदी

आणि तोपर्यंत दुसऱ्या दोन बोटी बघून ठेवा. एकच बोट नजरेत असली की माणूस मोजायला जात नाही, पसंत करायला जातो. ट्रायलला याल तेव्हा फिलर गेज, थर्मामीटर, टॉर्च आणि जुने कपडे आणा. बिल्जमध्ये स्वतः उतरा.